एका नगरात विखुरलेली ग्रहमाला

शाळेच्या पुस्तकातील सूर्यमालेचे चित्र कोणी पाहिले नाही? पानाच्या एका कडेला सूर्याचा पिवळा अर्धगोल, त्याच्या पुढे ओळीने मांडलेले ग्रह आणि शनीभोवतीचे ते सुबक कडे! चित्र सुबोध असते आणि मुलांच्या मनावर चटकन ठसते. त्यातील ग्रहांचा क्रमही बरोबर असतो. परंतु ग्रहांचे आकार आणि त्यांच्यामधील अंतरे ही दोन्ही एकाच मापाने दाखविणे छापील पानाला शक्य नसते. पृथ्वी दोन मिलिमीटरांच्या मोहरीएवढी काढावयाची ठरविली, तर त्याच मापाने सूर्य तिच्यापासून सुमारे साडेतेवीस मीटर दूर काढावा लागेल आणि नेपच्यून सूर्यापासून सातशे मीटर दूर जाईल. एवढे रुंद पुस्तक कोठून आणावे?

पुस्तकाला जे साधत नाही ते एखाद्या नगराला साधू शकते. रस्ते, चौक, नदी आणि पूल यांनी युक्त असे अवघे नगर हाच कागद मानला, तर सूर्यमालेचे खरे चित्र त्यावर मावते. क्रोएशिया या देशाची राजधानी असलेल्या झाग्रेब नगरात असे चित्र रेखाटलेले आहे. अशा प्रतिकृती इतरत्रही आहेत. स्वीडनमध्ये तर राजधानी स्टॉकहोममधील एका प्रचंड गोलाकार क्रीडागृहाला सूर्य मानून साऱ्या देशभर ग्रह मांडलेले आहेत. परंतु झाग्रेबच्या ग्रहमालेची कथा निराळी आहे. तेथे ग्रह मांडले गेले, पण ते कोठे आहेत याचा डांगोरा कोणी पिटला नाही. नागरिकांना ते शोधावे लागले. या शोधाची हकिकत मोठी मनोरंजक असून, आपणा सर्वांना, विशेषतः घरातील मुलांना, तीतून बरेच शिकण्यासारखे आहे.

भूमीवर उतरलेला सूर्य

इव्हान कोझारिच हे क्रोएशियाचे नामवंत शिल्पकार. त्यांचा जन्म १९२१ मध्ये झाला आणि २०२० मध्ये, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. झाग्रेब युगोस्लाव्हियात होते त्या काळी, १९७१ मध्ये, त्यांनी तेथील राष्ट्रीय नाट्यगृहासमोर एक भला मोठा सोनेरी गोल आणून ठेवला. ना चौथरा, ना कठडा, ना कोणा वीराचा अश्वारूढ पुतळा. केवळ एक गोल, तोही थेट जमिनीवर टेकलेला. शिल्पाला त्यांनी दिलेल्या नावाचा भावार्थ ‘भूमीवर उतरलेला सूर्य’ असा होतो. आकाशात ज्याच्याकडे डोळे उघडून पाहवत नाही, तो येथे माणसाच्या हाताला लागेल असा रस्त्यावर येऊन बसला होता.

पुढे हा सूर्य नाट्यगृहासमोरून हलला आणि १९९४ पासून शहराच्या मध्यवर्ती भागातील बोगोविचेवा या रस्त्यावर स्थिरावला. तेथे त्याच्या आजूबाजूला उपाहारगृहांची टेबले मांडलेली असतात, माणसे येत-जात असतात आणि मुले त्याला टेकून उभी राहतात. त्याचा व्यास सुमारे दोन मीटर आहे. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारे कोडे त्यावरच आधारलेले आहे.

गाजावाजा न करता

सूर्य आला, पण त्याला कुटुंब नव्हते. तेहतीस वर्षे तो एकटाच होता. २००४ मध्ये दाव्होर प्रेइस या कलावंताने त्याला ते मिळवून दिले. कोझारिच यांच्या गोलाला सूर्य मानल्यास प्रत्येक ग्रह किती मोठा होईल आणि किती अंतरावर येईल याचा हिशेब त्यांनी केला. त्या मापाने नऊ ग्रह घडविले आणि शहराच्या निरनिराळ्या भागांत, भिंतींवर वगैरे, बसवून टाकले. या कृतीला त्यांनी ‘नऊ दृश्ये’ अशा अर्थाचे नाव दिले.

आपल्या वाचकांस ‘नऊ’ म्हणताच नवग्रहांचे स्मरण होईल. देवळातील नवग्रहांत सूर्य आणि चंद्र असतात, राहू आणि केतू असतात, पण पृथ्वी नसते. कारण ती पाहणाऱ्याच्या पायांखाली आहे. झाग्रेबचे नऊ निराळे. तेथे सूर्य केंद्रस्थानी आहे आणि त्याच्या भोवतालच्या नवांत आपली पृथ्वीही एक आहे. प्लूटोही त्यांत आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या अधिवेशनात प्लूटोची गणना ‘बटु-ग्रह’ या निराळ्या वर्गात करण्यात आली. प्रेइस यांचे काम त्याआधीचे असल्याने त्यांच्या मालेत नऊ ग्रह आहेत.

हे सारे झाले ते अगदी शांतपणे. प्रेइस यांनी आपल्या कृतीला प्रसिद्धी जवळजवळ दिलीच नाही. परिणामी, ज्या भिंतीवरून आपण रोज जातो तिच्यावर एक ग्रह आहे, याची बहुसंख्य नागरिकांना कल्पना नव्हती. कोणाला तरी एखादा लहानसा गोल आणि त्याच्याजवळ ग्रहाचे नाव दिसावे, त्याने क्षणभर थबकावे आणि पुढे जावे, असेच चालले असते. परंतु काहींनी प्रश्न विचारला. हा एकच ग्रह येथे कशासाठी असेल? एक आहे तर बाकीचे कोठे आहेत? २००४ च्या नोव्हेंबरपासूनच झाग्रेब विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा शोध मनावर घेतला. त्यानंतरही निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या मंडळींनी ही ग्रहमाला नव्याने ‘शोधून’ काढली.

एका गोलावरून साऱ्या मालेचे माप

वाचकहो, आपणही काही काळ त्या शोधकांपैकी एक आहात असे समजा. हाती शहराचा नकाशा आहे, मापनपट्टी आहे आणि ग्रहांच्या अंतरांचे कोष्टक आहे. आरंभ कोठून करावा?

आरंभ अर्थातच सूर्यापासून. खऱ्या सूर्याचा व्यास सुमारे १३ लक्ष ९० हजार किलोमीटर आहे. बोगोविचेवा रस्त्यावरील सूर्याचा सुमारे दोन मीटर. भागाकार केला की प्रमाण निघते: एकास ६८ कोटी. म्हणजे या नगरातील एक मीटर हा अवकाशातील ६ लक्ष ८० हजार किलोमीटरांबरोबर आणि एक मिलिमीटर हा ६८० किलोमीटरांबरोबर होतो. एवढी किल्ली हाती आली की बाकीचे दरवाजे भराभर उघडू लागतात.

पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटर. तेव्हा नगरातील पृथ्वी सूर्यापासून सुमारे २२० मीटरांवर असली पाहिजे. तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर. तेव्हा तिची प्रतिकृती दोन सेंटिमीटरांहून किंचित लहान, म्हणजे मुलांच्या खेळातील मोठ्या गोटीएवढी असणार. बुध ८५ मीटरांवर आणि जेमतेम सात मिलिमीटरांचा. शुक्र १६० मीटरांवर, पृथ्वीहून किंचित लहान. मंगळ ३३५ मीटरांवर, एक सेंटिमीटरचा. या चार ग्रहांपुढे मोठी मोकळी जागा लागते आणि ११४५ मीटरांवर गुरू येतो. त्याचा व्यास २० सेंटिमीटरांहून थोडा अधिक आहे. शनी २१०० मीटरांवर, युरेनस सव्वाचार किलोमीटरांवर, नेपच्यून ६६०० मीटरांवर आणि प्लूटो सरासरीने ८७०० मीटरांवर.

तर मग कोडे सुटलेच म्हणावयाचे! परंतु नाही, खरी मेख येथेच आहे. गणिताने अंतर कळले, दिशा कळली नाही. पृथ्वी २२० मीटरांवर आहे खरी, पण कोणीकडे? सूर्याला केंद्र मानून नकाशावर २२० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि त्या वर्तुळाला जे जे रस्ते छेदतात त्या त्या ठिकाणी जाऊन भिंती न्याहाळाव्यात, याहून दुसरा मार्ग नाही. पृथ्वीच्या वर्तुळाचा परीघ १४०० मीटरांच्या आतच भरतो. एखाद्या सायंकाळी चिकाटीने हिंडल्यास तो तपासून होईल. पण नेपच्यूनच्या वर्तुळाचा परीघ ४१ किलोमीटरांहून अधिक आहे! आणि एवढ्या परिघावर शोधावयाचे काय, तर सात सेंटिमीटरांचा एक चेंडू!

प्लूटोची तऱ्हा तर आणखी अवघड. त्याची कक्षा बरीच लांबट आहे. सूर्याच्या जवळ येतो तेव्हा तो या मापाने साडेसहा किलोमीटरांवर असतो, दूर जातो तेव्हा जवळजवळ अकरा किलोमीटरांवर. म्हणून त्याच्यासाठी एक रेघ काढून भागत नाही. चार किलोमीटरांहून रुंद असा पट्टाच शोधावा लागतो. आणि प्लूटो स्वतः केवळ साडेतीन मिलिमीटरांचा, ज्वारीच्या दाण्याएवढा!

जवळचे चार सोबती

शोधकांना जे सापडले ते आता थोडक्यात सांगू. घरांचे क्रमांक आम्ही बुद्ध्याच देत नाही. आपणांपैकी कोणी कधी झाग्रेबला गेले, तर शोधण्याचा आनंद त्यांच्यासाठी शिल्लक राहावा.

बुध मार्गारेत्स्का या लगतच्या रस्त्यावर आहे. शुक्राला शहरातील सर्वांत गजबजलेली जागा मिळाली आहे, ती म्हणजे बान यलाचिच यांच्या नावाचा मुख्य चौक. पृथ्वी वार्शाव्स्का रस्त्यावर आहे आणि मंगळ त्काल्चिचेवा या जुन्या, वळणावळणाच्या रस्त्यावर. या रस्त्याच्या जागी पूर्वी एक ओढा वाहत असे. झाग्रेबच्या दोन जुन्या वस्त्या, ग्रादेत्स आणि काप्तोल, त्याच्या दोन बाजूंच्या टेकड्यांवर वसलेल्या होत्या.

शुक्रापाशी क्षणभर थांबणे उचित होईल. कारण ज्या अंतरांचे कोष्टक हाती घेऊन आपण निघालो, ते कोष्टक मानवजातीला सहजासहजी लाभलेले नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी केप्लरने ग्रहगतीचे नियम शोधले, तेव्हापासून ग्रहांच्या अंतरांचे परस्परांशी असलेले प्रमाण ज्ञात होते. शुक्राचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे बहात्तर शतांश आहे हे ठाऊक होते; पण पृथ्वीचे अंतर किती कोटी किलोमीटर, हे नेमके ठाऊक नव्हते. म्हणजे नकाशा होता, त्यावर माप लिहिलेले नव्हते. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरील निरनिराळ्या ठिकाणांहून त्याचे वेध घेतले, तर हे माप काढता येईल असे दिसून आले. असे योग १७६१ आणि १७६९ या वर्षी आले.

या वेधासाठी गिओम ल जेंती हा फ्रेंच ज्योतिर्विद १७६० मध्ये आपल्या देशाकडे, पाँडेचेरीला, येण्यास निघाला. तो पोहोचण्यापूर्वीच पाँडेचेरी इंग्रजांच्या हाती गेली आणि १७६१ चा योग त्याला हेलकावणाऱ्या जहाजावरून नुसता पाहावा लागला. मापन काही झाले नाही. पुढील योगासाठी तो आठ वर्षे पूर्वेकडील समुद्रांतच थांबला. १७६९ मध्ये पाँडेचेरीत वेधशाळा सज्ज होती, आणि ऐन वेळी आकाश ढगांनी भरून आले! १७७१ मध्ये तो स्वदेशी परतला तेव्हा त्याला मृत समजून त्याच्या मालमत्तेच्या वाटणीचा उद्योग सुरू झालेला होता. त्याच्या पदरी अपयश आले. परंतु त्याच दोन योगांच्या वेळी इतरांनी जगभर घेतलेल्या वेधांवरून सूर्याचे अंतर बऱ्याच अचूकपणे ठरविता आले. कोष्टकातील एकेका आकड्यामागे असे आयुष्य खर्ची पडलेले असते, हे मुलांना अवश्य सांगावे.

नदीपलीकडील ग्रह

मंगळानंतर रस्ता लांबतो. गुरू व्होचार्स्का रस्त्यावर आणि शनी राचिचेवा रस्त्यावर भेटतो. युरेनससाठी साव्हा नदी ओलांडून पलीकडच्या नव्या वस्तीतील सिगेत या भागात जावे लागते. नेपच्यून कोझारी या भागात आणि प्लूटो बोलोन्या या इटालियन नगराचे नाव दिलेल्या मार्गावर, तोही रस्त्याखालून जाणाऱ्या पादचारी वाटेत!

येथे प्रत्यक्ष आकाशातील नेपच्यूनच्या शोधाची आठवण होते. युरेनस ग्रह हर्शेलला १७८१ मध्ये दुर्बिणीतून दिसला. पुढे त्याची चाल गणिताशी जुळेनाशी झाली. त्याला ओढणारा एखादा अज्ञात ग्रह असावा असे मानून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने त्या ग्रहाची जागा कागदावर काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेतील गाल यांना पत्राने कळविली. पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी पोहोचले. त्याच रात्री सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

झाग्रेबचे कोडे नेमके याच्या उलट आहे. ल व्हेरिएला दिशा अचूक मिळाली होती. त्याने धरलेले अंतर मात्र प्रत्यक्षाहून बरेच अधिक होते. झाग्रेबच्या शोधकाला अंतर अचूक मिळते आणि दिशा मुळीच मिळत नाही. तरीही दोघांचे मूळ धैर्य एकच आहे. जे अद्याप डोळ्यांनी पाहिले नाही ते हिशेबावरून असलेच पाहिजे असे म्हणावयाचे आणि त्या विश्वासावर घराबाहेर पडावयाचे! हिशेब बरोबर असेल तर भिंतीवर ग्रह असेल; नसेल तर हिशेब पुन्हा तपासावयाचा. विज्ञान म्हणजे दुसरे काय आहे?

प्रकाशापेक्षाही वेगाने

या नगरात पायी हिंडणाऱ्याला आणखी एक गंमत अनुभवास येते. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर. या मापाने तो होतो सेकंदाला केवळ ४४ सेंटिमीटर, म्हणजे नुकत्याच चालू लागलेल्या बालकाची गती! सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या २२० मीटरांना प्रकाशाला सव्वाआठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. आपण ते अंतर तीन मिनिटांत चालून जातो. येथे एखादी आजीबाई भाजीची पिशवी घेऊन प्रकाशाला मागे टाकते. आणि तरीही प्लूटोपर्यंत पायी जाऊन यावयाचे म्हटले, तर पाय दुखू लागतात.

माणसाने अवकाशात केलेल्या प्रवासाचे खरे मोल या मापाने मनात भरते. गोटीएवढ्या पृथ्वीपासून चंद्र केवळ ५६ सेंटिमीटरांवर येतो आणि त्याचा आकार पाच मिलिमीटरांचा होतो. माणूस स्वतः आजवर गेला तो एवढ्याच, एका हाताच्या लांबीएवढ्या अंतरावर. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ उतरले ते या पाच मिलिमीटरांच्या दाण्यावर. सूर्याच्या अभ्यासासाठी २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटर दूर पाठविले गेले. येथे ते अंतर सव्वादोन मीटरांहूनही किंचित कमी, म्हणजे सूर्याच्या वाटेवरील शंभरांत एक भाग. मंगळयानाने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी प्रस्थान ठेवले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी एक सेंटिमीटरच्या त्या मण्याभोवती फिरू लागले. १९७७ मध्ये निघालेल्या अमेरिकेच्या व्हॉयेजर-२ यानाला नेपच्यूनपाशी पोहोचण्यास १९८९ चा ऑगस्ट उजाडला. झाग्रेबमध्ये हे अंतर दीड तासाच्या पायपिटीचे आहे.

आणि सर्वांत जवळचा तारा? तो या मापाने सुमारे ५९ हजार किलोमीटरांवर येतो. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे तो तारा झाग्रेबमध्ये नव्हे, युरोपात नव्हे, पृथ्वीवरच कोठे मांडता यावयाचा नाही. नऊ ग्रहांसाठी एक नगर पुरले. एका ताऱ्यासाठी भूगोल अपुरा पडला.

आपल्या गावातील ग्रहमाला

झाग्रेब दूर आहे. पण हे माप कोठेही लावून पाहता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दाराशी दोन मीटरांचा सूर्य ठेवला आहे अशी कल्पना करा. मध्य रेल्वेच्या मार्गाने गुरू साधारणतः मशीद स्थानकापाशी येईल, शनी सँडहर्स्ट रोडजवळ, युरेनस भायखळ्याला आणि प्लूटो दादरच्या आसपास. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चौघे मात्र गाडी जेमतेम हलते न हलते तोच मागे पडलेले असतील.

याहून चांगला उपाय म्हणजे हा खेळ स्वतःच मांडणे. आपण इंदुरास असा, बडोद्यास असा, बेळगावात वा नागपुरात असा. पाऊण किलोमीटर लांबीचा रस्ता आणि घरातील फडताळ एवढे साहित्य पुरे आहे. त्यासाठी एकास एक हजार कोटी हे प्रमाण सोयीचे पडते. वॉशिंग्टन येथे २००१ मध्ये उभारलेल्या सूर्यमालेच्या प्रतिकृतीलाही हेच प्रमाण वापरलेले आहे. या प्रमाणात एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर. तेव्हा हिशेब मुलांना तोंडी करता येतो.

पिवळ्या पुठ्ठ्याचे चौदा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापावे, हा सूर्य. रव्याचा एक कण घ्यावा. हा बुध, सहा मीटरांवर. नाचणीचा एक दाणा शुक्रासाठी, अकरा मीटरांवर. तसाच दुसरा पृथ्वीसाठी, पंधरा मीटरांवर. खसखशीचा दाणा मंगळासाठी, तेवीस मीटरांवर. खेळण्यातील लहान गोटी गुरूसाठी, अठ्ठ्याहत्तर मीटरांवर. काबुली चणा शनीसाठी, १४३ मीटरांवर. दोन मिरे युरेनस आणि नेपच्यूनसाठी. पहिला २८७ मीटरांवर, दुसरा ४५० मीटरांवर. प्लूटोला स्थान द्यावयाचे असेल, तर रव्यातील सर्वांत बारीक कण ५९० मीटरांवर. प्रत्येक दाणा लहानशा पुठ्ठ्यावर चिकटवून त्याखाली ग्रहाचे नाव लिहावे.

आता महत्त्वाची गोष्ट. हे पुठ्ठे वडीलधाऱ्यांनी मुलांच्या नकळत मांडावेत: एखादा टपाल कचेरीच्या कठड्यावर, एखादा पिठाच्या गिरणीत, एखादा वाचनालयाच्या दाराशी, अर्थात तेथील मंडळींची अनुमती घेऊन. मुलांना केवळ सूर्य दाखवावा, त्याचा खरा व्यास सांगावा आणि ग्रहांच्या अंतरांचे कोष्टक द्यावे. प्रमाण त्यांनी स्वतः काढावे. आपले पाऊल किती सेंटिमीटर पडते ते त्यांनी मोजावे, पावले मोजीत जावे आणि शोधावे. भरपूर रस्ता चालूनही काहीच हाती लागत नाही, असे झाले की मुले तक्रार करतील. त्या वेळी घाईने उत्तर सांगू नये. सूर्यमालेत मुख्यत्वे रिकामी जागाच आहे, हे त्यांचे पायच त्यांना त्या क्षणी सांगत असतात. पुस्तकातील कोणतेही चित्र हे सांगू शकत नाही.

झाग्रेबच्या ग्रहांची जंत्री आता सहज मिळते आणि तिच्या आधारे पर्यटक एका दिवसात नवांची भेट घेऊन परत जाऊ शकतो. त्यात गैर काही नाही. परंतु २००४ मध्ये ज्यांच्या हाती जंत्री नव्हती, त्यांना मिळाले ते काही निराळेच होते. त्यांनी एका गोलाचे माप घेतले आणि त्यावरून न पाहिलेल्या ग्रहांपर्यंत जाण्याची वाट काढली. कलावंताने ग्रह मांडून मौन पाळले नसते, तर हे भाग्य त्यांना लाभले नसते. आपल्या मुलांना आपण पुष्कळ गोष्टी सांगत असतो, आणि त्या सांगावयासही हव्यात. मात्र काही गोष्टी मांडून ठेवाव्यात आणि गप्प बसावे. योग्य माप हाती असले, तर मुले त्या शोधून काढतात आणि मग त्या आयुष्यभर विसरत नाहीत.